पदरी पडलं, पण पवित्र झालं नाही: ‘इरेजरहेड’ आहे तरी काय?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच गेले आणि त्यांच्या सिनेमांच्या याद्या पुन्हा फिरायला लागल्या. यादीत पहिला ‘इरेजरहेड’ (१९७७), कारण तो त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. मग ठरलेला प्रकार घडतो. कुणीतरी रात्री उत्साहानं लावतं, वीस मिनिटांत बंद करतं आणि दुसऱ्या दिवशी विचारतं, “तू पाहिलायस ना? मग सांग, काय आहे त्यात?”

हे लिहिलंय ते या प्रश्नासाठी. माझं म्हणणं इतकंच, की हा सिनेमा सोसायला जड जातो आणि त्या जडपणालाच आपण ‘कळला नाही’ असं नाव देऊन मोकळे होतो. गोष्ट तर चार वाक्यांत सांगता येईल इतकी साधी आहे. (मी ती शेवटापर्यंत सांगणार आहे. आधी पाहायचा असेल तर इथंच थांबा.)

आधी गोष्ट

हेन्री स्पेन्सर छापखान्यात कामाला आहे, सध्या रजेवर. कारखान्यांच्या ओसाड वस्तीत एका खोलीत राहतो. केस असे उभे, की विजेचा झटका बसल्यासारखे. मेरी नावाच्या मुलीशी त्याचं जुळलेलं होतं, मध्यंतरी तिचा काही पत्ता नव्हता. अचानक तिच्या घरून जेवायला बोलावणं येतं. जेवणात मुठीएवढ्या, कृत्रिम कोंबड्या. पाहुणा म्हणून कापायचा मान हेन्रीला. सुरी लागते न लागते तोच कोंबडी तंगड्या हलवायला लागते आणि तिच्यातून काळपट काहीतरी बुडबुडत बाहेर येतं.

मग मेरीची आई त्याला बाजूला घेते आणि आडवळण न घेता विचारते. बाळ झालंय, दिवस भरायच्या आधीच, दवाखान्यात आहे, आता लग्न करा. मेरी रडत मध्ये पडते, की ते बाळच आहे का, हेसुद्धा अजून नक्की कळलेलं नाही.

एक गोष्ट इथं लक्षात घ्या, बहुतेकांची ती सुटते. दिवस गेल्याचं कळणं, वाट पाहणं, नाव शोधणं, यातलं काहीच सिनेमात नाही. गरोदरपणाची बातमी आणि जन्मलेलं मूल, दोन्ही हेन्रीला एकाच दमात मिळतात. बाईच्या अंगात ते महिनोन्‌महिने वाढत असतं. पुरुषासाठी पुष्कळदा ते एका वाक्यात सुरू होतं. सिनेमा कुणाच्या डोक्यातून सांगितला जातोय, हे या एका गाळलेल्या जागेतून कळतं.

पुढचं सगळं जवळजवळ एका खोलीत. बाळ बँडेजमध्ये घट्ट गुंडाळलेलं, हातपाय दिसत नाहीत, डोकं कातडी सोललेल्या पाडसासारखं. ते दूध घेत नाही. रात्रभर कुरकुरतं. मेरीला झोप नाही. एका रात्री ती वैतागून बॅग ओढते आणि माहेरी निघून जाते. हेन्री आणि बाळ उरतात. बाळ आजारी पडतं, अंगभर फोड. हेन्री वाफारा लावतो. दाराकडे वळला की ते रडतं, परत आला की गप्प. खोली गरम ठेवणारे लोखंडी नळे भिंतीशी असतात, रेडिएटर म्हणतात त्याला. हेन्री त्यात टक लावून बघतो तेव्हा आत एक छोटा रंगमंच दिसतो आणि त्यावर फुगलेल्या गालांची एक बाई गाते, की स्वर्गात सगळं छान असतं. एका स्वप्नात हेन्रीचं डोकं गळून पडतं. एक पोरगा ते उचलून पेन्सिलींच्या कारखान्यात नेतो आणि तिथं त्याचे खोडरबर होतात. नाव तिथून आलं. शेवटी हेन्री कात्री घेतो आणि बाळाचं बँडेज कापतो.

‘प्रायोगिक’ हा शब्द का लावतात

डॉक्टर विचारतात, “काय होतंय?” तुम्ही सांगता, “पोट दुखतंय.” ही माहिती झाली. पण दुखणं जास्तच असेल तर तुम्ही म्हणता, “आतून कुणीतरी पिळतंय हो.” आत कुणी नसतं. तरी डॉक्टरांना दुसऱ्याच वाक्यातून जास्त कळतं.

नेहमीचा सिनेमा पहिलं वाक्य बोलतो. प्रायोगिक सिनेमा दुसरं वाक्य उचलतो आणि तो पिळणारा हात पडद्यावर आणून ठेवतो, ‘हे खरं नाही बरं का’ अशी पाटी न लावता. यामागे जुनी परंपरा आहे. आंद्रे ब्रेतों यांनी १९२४ मध्ये पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला. स्वप्नाचा तर्क जागेपणीच्या तर्काइतकाच खरा मानून कला करायची, असं थोडक्यात त्याचं सांगणं. स्वप्नात तुम्ही शाळेच्या वर्गात असता आणि बाकावर गेलेली आजी बसलेली असते, तेव्हा तुम्ही ‘हे कसं शक्य आहे’ असं विचारत नाही. तुम्ही घाबरलेले असता, कारण गृहपाठ झालेला नसतो. ‘इरेजरहेड’ असाच पाहायचा असतो. कोंबडी का हलली, यापेक्षा ती हलल्यावर त्या जेवणाचं काय झालं, हे बघायचं. सासर होऊ घातलेल्या घरी पहिल्यांदा जेवायला बसलेल्या कोणत्याही माणसाला ते जेवण ओळखू येईल.

मग यात भूत कुठंय?

नाही. सैतान नाही, शाप नाही, झपाटलेलं घर नाही. गरोदरपणावरचा सगळ्यात गाजलेला भयपट, रोमन पोलान्स्कींचा ‘रोझमेरीज बेबी’, ‘इरेजरहेड’च्या नऊ वर्षं आधी, १९६८ मध्ये आला होता. त्यात भीती बाहेरून येते: शेजारी, नवरा, डॉक्टर सगळे कटात सामील आहेत. तिथं निदान रागावायला कुणीतरी आहे. ‘इरेजरहेड’मध्ये कट नाही. ज्याची भीती वाटते ते टेबलावर पडलेलं आहे, त्याला भूक लागली आहे, ते तुमचं आहे आणि त्याचा काही दोष नाही.

भीतीचं मुख्य हत्यार मात्र चित्र नाहीच. तो आवाज आहे.

घरातला फ्रिज दिवसभर गुणगुणत असतो, आपल्याला ऐकू येत नाही. तो बंद पडला की मात्र आपण मान वर करतो. म्हणजे इतका वेळ कान ते ऐकत होते, फक्त आपल्याला कळवत नव्हते. लिंच आणि त्यांचे ध्वनिसंयोजक अ‍ॅलन स्प्लेट यांनी सिनेमाभर अशीच एक गुणगुण पसरली आहे. दूरचे कारखाने, वाफ, वारा, नळ्यांमधून फिरणारी हवा, कुठलंतरी यंत्र जे कधी दिसत नाही. कुणीही बोलत नसतानासुद्धा खोली बोलत असते. अधूनमधून फॅट्स वॉलरचं जुनं ऑर्गनवादन येतं, तेही भिंतीपलीकडून झिरपल्यासारखं. या आवाजांवर दोघांनी घरगुती साधनांनी कितीतरी महिने काम केलं.

आणि या गुणगुणीवर बाळाचं रडणं. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं असलेल्या आवाजाला, सगळ्यात तिखट असतो. तान्ह्याच्या रडण्याची बोच तिथंच येते, म्हणून शेजारच्या घरातलं बाळही आपल्याला झोपू देत नाही. या सिनेमातलं बाळ टाहो फोडत नाही. ते पिरपिरतं. टाहो थांबतो तरी. पिरपिरीला शेवट नसतो. शेवटी शेवटी ते हसतं, निदान हेन्रीला तरी ते आपल्याला हसल्यासारखं वाटतं.

माझा सल्ला: मोबाइलच्या स्पीकरवर हा सिनेमा पाहू नका. अर्धा सिनेमा तिथं पोचतच नाही आणि मग उरलेल्या अर्ध्याला लोक कंटाळवाणा म्हणतात.

हे आलं कुठून

लिंच मूळचे चित्रकार. १९४६चा जन्म, मॉन्टाना राज्यातलं लहान गाव, सुखवस्तू बालपण. चित्रकला शिकायला ते फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्समध्ये आले. तेव्हाचं फिलाडेल्फिया म्हणजे काजळलेले कारखाने, रिकामी घरं, रस्त्यावरची हिंसा. काही काळ ते शवागाराच्या समोर राहिले. पुढं साडेतीन हजार डॉलर्समध्ये बारा खोल्यांचं घर घेतलं. इतकं स्वस्त का, ते वस्ती बघितली की कळायचं. त्या शहरात त्यांना वाटलेली दहशत त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवली. हेन्रीची वस्ती हीच.

१९६८ मध्ये त्यांना मुलगी झाली, जेनिफर. लिंच बावीस वर्षांचे होते. तिची पावलं जन्मतः आत वळलेली होती आणि लहानपणी तिच्यावर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. हे कळलं की सगळे ‘अच्छा, म्हणजे हे आत्मचरित्र!’ म्हणून मोकळे होतात. लिंच यांनी ते कधी मान्य केलं नाही. जेनिफर, ज्या पुढं स्वतः दिग्दर्शिका झाल्या, त्यांनी मात्र आपल्या जन्माचा या सिनेमाशी संबंध असल्याचं मोकळेपणानं सांगितलं आहे. मला दोघांचंही खरं वाटतं. भीती आपली असते. तिची गोष्ट झाली की ती आपल्यापुरती राहत नाही.

चित्रीकरण मे १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची शाळा तेव्हा ग्रेस्टोन या जुन्या हवेलीत होती. लिंच तिथं विद्यार्थी. हवेलीच्या तबेल्यांत त्यांनी सेट लावले. संहिता जेमतेम वीस-बावीस पानांची, संस्थेची मदत दहा हजार डॉलर्सची. पैसे संपले. काम थांबलं, सुरू झालं, पुन्हा थांबलं. लिंच घरोघर वर्तमानपत्र टाकायचे. सहायक कॅथरिन कोल्सन हॉटेलात वाढपीण म्हणून काम करून मिळालेले पैसे सिनेमात घालायच्या. काही काळ लिंच सेटवरच, हेन्रीच्या खोलीत झोपायचे. हेन्री झालेल्या जॅक नान्सनं ते विचित्र केस वर्षानुवर्षं राखले. लिंच सांगायचे, की एका दृश्यात हेन्री दाराच्या मुठीवर हात ठेवतो आणि दार उघडून आत येतो, या दोन तुकड्यांच्या चित्रीकरणात दीड वर्षाचं अंतर आहे. पडद्यावर ते कळत नाही.

मार्च १९७७ मध्ये लॉस एंजेलिसच्या फिल्मेक्स महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. प्रतिसाद थंड. मग बेन बॅरनहोल्ट्झ नावाच्या वितरकानं तो न्यूयॉर्कला मध्यरात्रीच्या खेळांना लावला. पहिल्या रात्री प्रेक्षक पंचवीस. पण सिनेमा उतरवला नाही, तोंडी प्रसिद्धी होत गेली आणि पुढं कितीतरी शहरांत तो वर्षवर्षभर मध्यरात्री चालू राहिला. मेल ब्रुक्स या विनोदी दिग्दर्शकानं तो पाहून लिंच यांच्या हाती ‘द एलिफंट मॅन’ दिला, ज्याला आठ ऑस्कर नामांकनं मिळाली. २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ‘इरेजरहेड’ची जपून ठेवायच्या चित्रपटांच्या नोंदवहीत भर घातली.

गोड बातमी, पण कुणासाठी?

आपली भाषा या बाबतीत मोठी बोलकी आहे. दिवस गेले की ‘गोड बातमी’. मूल झालं की ते ‘पदरात पडलं’. आणि नको असलेलं काही पदरात पडलं तर त्यावरही उतारा तयार: ‘पदरी पडलं, पवित्र झालं’. म्हणजे स्वीकारलं, की ती वस्तू आपोआप चांगली होते. एरवी हा उतारा चालतोही. बहुतेक आईबापांना तान्ह्याचा लळा लगेच नाही तरी काही आठवड्यांत लागतो.

लागलाच नाही तर? सिनेमा या ‘तर’मध्ये घर करून राहतो. हेन्री वाईट माणूस नाही. तो पळून जात नाही, मारझोड करत नाही, बाळ आजारी पडलं की शेजारी बसून राहतो. जे करायचं ते सगळं करतो. आतून मात्र काही फुटत नाही, आणि हे बोलायला त्याच्याकडे ना माणूस आहे ना शब्द. डोक्याचे खोडरबर होण्याचं स्वप्न मला म्हणूनच मुळीच गूढ वाटत नाही. बाप झालेल्या दिवसापासून आधीचा हेन्री खोडला जातोय आणि खोडायला त्याचंच डोकं वापरलं जातंय.

“पण खरा अर्थ काय?”

हा प्रश्न लिंच यांना जवळपास पन्नास वर्षं विचारला गेला. त्यांनी उत्तर दिलं नाही. आपला हा सर्वांत आध्यात्मिक सिनेमा आहे, असं ते म्हणायचे, आणि ‘समजावून सांगा’ म्हटलं की नकार द्यायचे. चित्रीकरणाच्या काळातच, १९७३ मध्ये, ते महर्षी महेश योगींची भावातीत ध्यानपद्धती शिकले आणि ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांनी लिहून ठेवलंय, की काम अडलं असताना बायबल वाचताना एक वाक्य सापडलं आणि सिनेमाचा सगळा उलगडा झाला. कोणतं वाक्य, ते सांगितलं नाही. बाळ कशापासून बनवलं होतं, तेही नाही. मेलेल्या वासराचा गर्भ होता इथपासून अफवा आहेत. त्यांनी ना हो म्हटलं ना नाही.

यामुळे काहींना फसवल्यासारखं वाटतं. “त्यालाच माहीत नसेल!” हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय. मला तो पटत नाही. बाळ कशाचं प्रतीक आहे, हा प्रश्नच तुम्हाला सिनेमातून सुखरूप बाहेर काढतो. प्रतीक म्हटलं की त्याला भूक लागत नाही. बाळ म्हणजे बाळच, असं धरून बसलात तर शेवटची दहा मिनिटं कशी जातात ते बघा.

“आणि मेरीचं काय?”

हा आक्षेप खरा आहे, आणि मी त्याचा बचाव करणार नाही. बाळंत मेरी झाली. तिच्या शरीराचं काय झालं, दवाखान्यात तिनं काय पाहिलं, याबद्दल चकार शब्द नाही. सिनेमात ती रडते, चिडते, निघून जाते. बाकीच्या बायाही हेन्रीच्या इच्छेच्या किंवा भीतीच्या बाहुल्याच आहेत. गोष्ट बापाच्या डोक्यात घडते म्हणून आईचं आत दिसत नाही, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण रजेवरचा नवरा घरात असताना रात्रीची जागरणं तिच्याच वाट्याला का, हा प्रश्न सिनेमाला पडतही नाही.

काळाचा एक संदर्भ इथं हवा. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गर्भपात हा गुन्हा होता. जानेवारी १९७३ मध्ये, काम चालू असतानाच, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात त्याला घटनात्मक संरक्षण दिलं. २०२२ मध्ये ते काढूनही घेतलं. ‘बाळ ठेवायचं का’ हा प्रश्न या सिनेमात कुणी विचारत नाही. मेरीची आई फक्त लग्न कधी, एवढंच बघते. आजचा अमेरिकन प्रेक्षक ती जेवणाची बैठक पाहतो तेव्हा त्याला ती पन्नास वर्षं जुनी वाटत नसणार.

दुसरा आक्षेप त्याहून बोचरा: व्यंग असलेल्या बाळाला विद्रूप प्राणी करून घाबरवणं हे क्रूर नाही का? आहे, थोडं. मात्र सिनेमा बाळाला दुष्ट करत नाही, हे बघावं लागेल. त्याचे डोळे बघा. सगळ्या सिनेमात दुसऱ्या कुणाकडे निरखून बघणारा तो एकटाच जीव आहे.

कात्री

शेवटी हेन्री बँडेज कापतो. आत कातडी नाही. बँडेजच त्याला एकत्र धरून होतं. उघडी आतडी, धडधडतं काहीतरी. हेन्री कात्री खुपसतो.

तो मारायलाच निघाला होता, की आत काय आहे हे एकदाचं बघायला? सिनेमा सांगत नाही. इथं मला एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण हे दृश्य पाहून नुकतेच आईबाप झालेले लोक स्वतःलाच घाबरतात. बाळाला इजा होतेय, आपल्याच हातून काही होतंय, असे नको ते विचार मनात येऊन जाणं हे नव्या पालकांमध्ये अगदी सर्रास आढळतं. संशोधकांनी ते वारंवार नोंदवलंय. विचार आला म्हणजे माणूस तसं करेल, असं नाही. आलेल्या विचाराची शिसारी येते, हीच त्याची ओळख. बाळंतपणानंतरचं नैराश्य बापांनाही येतं, साधारण दहातल्या एकाला, आणि त्यावर उपचार आहेत. लागोपाठच्या जागरणांनी हे सगळं वाढतं. मात्र मन सारखं तिकडेच ओढ घ्यायला लागलं, किंवा विचाराची शिसारी येईनाशी झाली, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगून डॉक्टर गाठायचा. हेन्रीच्या खोलीत असं सांगायला कुणी नव्हतं. त्यातली सगळ्यात भयंकर वस्तू मला कात्री वाटत नाही, तो बंद दरवाजा वाटतो.

त्यानंतर दिवे फडफडतात, बाळाचं डोकं प्रचंड होऊन अंधारात दिसायला लागतं, ठिणग्या उडतात. मग लख्ख पांढरा उजेड, आणि रेडिएटरमधली बाई हेन्रीला मिठी मारते. त्याचे डोळे मिटलेले. हा सुखान्त आहे का, असं लोक विचारतात. आवाज वाढत वाढत टिपेला जातो आणि एकदम तुटतो. पडदा काळा. दीड तास चालू असलेली ती गुणगुण बंद होते, फ्रिज बंद पडावा तशी, आणि तुम्ही मान वर करता. रडणं नाही, यंत्र नाही, काही नाही. हेन्रीला हवी होती ती हीच शांतता, आणि ती त्याला कशी मिळाली हे तुम्ही आत्ताच पाहिलेलं असतं.